अण्णाचं मौन

"देवाला धुणं नसतं म्हणे. आमच्या देवाला दिवसाला डझनभर पंचे लागतात."

वहिनी मोरीत बसून पंचे घासता घासता पुटपुटली. मी तिच्या पाठीमागेच, भिंतीला लागून ठेवलेल्या मशीनवर कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होते, त्यामुळे ते तिचं तिच्यापाशी राहिलं नाही. बाहेर ओट्यावर अण्णाच्या पायाशी दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक आपल्या सुनेची सगळी कहाणी अगदी माहेरपासून सांगत होती. अण्णा ऐकत होता. मधूनमधून पंच्याने हनुवटी टिपत होता, आणि बायकांना वाटत होतं की त्याचे डोळे भरून येताहेत.

"वन्सं, त्या गेल्या का बघा," वहिनी म्हणाली. "यांची पेज निवतीय."

"सून आत्ताशी बाळंतीण झालीय," मी म्हटलं. "वेळ लागेल."

वहिनी हसली नाही. पूर्वी अशा बोलण्याला ती हसायची.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, रघुनाथ माळवदे. फलटणच्या स्टँडवर त्याचा आवाज होता. माणूस होताच, पण लोकांना माहीत होता तो आवाज. कंट्रोलरच्या केबिनमध्ये, जाळीच्या मागे बसून तो गाड्या सांगायचा. अमुक गावाहून तमुक मार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा. दोनदा सांगायचीच रीत असते, कारण पहिल्यांदा लोक कान देतात आणि दुसऱ्यांदा ऐकतात, असं त्याचं म्हणणं. घरीसुद्धा तो दोनदाच बोलायचा. "जेवण झालंय का? जेवण झालंय का?" वहिनी म्हणायची, मी काय फलाटावर उभी आहे का?

आम्ही एसटी कॉलनीत राहायचो. एकाला एक लागून घरं, पुढे ओटे, मध्ये गल्ली. एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागायचा. मी सासर सुटल्यावर अण्णाकडे आले ती तिथलीच झाले. सातवीनंतर शाळा सुटली होती, बाकीचं जे काय शिकले ते नगरवाचनालयातून, हाती येईल ते वाचून. अण्णा आणि वहिनीला मूल नव्हतं. मला परत पाठवण्याचा विषय त्या घरात कधी निघाला नाही, एवढं सांगितलं तरी ती दोघं कशी होती ते कळेल.

अण्णाची जीभ जड व्हायला लागली, तेव्हा बरेच महिने कुणाला पत्ताच लागला नाही. स्टँडवरची घोषणा आजवर कुणाला धड कळली आहे? लोक आपले पाट्या वाचून गाडीत चढत होते. मग एकदा फलाटावरून केबिनकडे जाताना त्याचा तोल गेला आणि त्याने खांबाला मिठी मारली. त्याच दिवशी कुणीतरी काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर घोळलेल्या तोंडाने आलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की माळवदेने सुरू केली.

आमचे वडील माळकरी. घरात कांदासुद्धा कौतुकाने यायचा. एक दिवस दूधवाला अण्णाच्या तोंडाकडे वाकून वास घेऊन गेला. अण्णाने पातेलं धरलेलं तसंच धरून ठेवलं. वहिनी दारात होती. त्या दिवसापासून दूध घ्यायला ती जायला लागली, आणि अण्णाने रजा टाकली.

पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या तारा झिजत जातात. अण्णाची सुरुवात जिभेपासून आणि घशापासून झाली आहे, मग हात, पाय, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, सगळं कळतं. बरं करणारं औषध नाही, सांभाळणं आहे, आणि सांभाळण्यासारखं पुष्कळ आहे. गिळणं अवघड होत जाईल, म्हणून छातीत जोर आहे तोवर पोटात नळी बसवून घ्या. उशीर केलात तर नळी घालणंही धोक्याचं होईल. दिवाळीच्या आत या.

येताना गाडीत लोणंदला वहिनीने खिडकीतून पेरू घेतले, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, ते तिने पिशवीच्या तळाशी घातले.

घरी आल्यावर अण्णा खाटेवर बसला आणि काहीतरी म्हणाला. दोनदा म्हणाला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. त्याचं बोलणं तिला कळत नसे, मला कळायचं. लहानपणी तोंडात ब्रश धरून तो जे बोलायचा तेही मला कळायचं.

"काय म्हणतात हो?"

"पंखा लावा म्हणतोय," मी म्हटलं.

तिने उठून पंखा लावला.

आषाढी एकादशीला शेजारच्या इंदुकाकू तीर्थ घेऊन आल्या. काकूंचे यजमान रिटायर कंडक्टर, आणि काकू कॉलनीच्या बिनपगारी कंट्रोलर. कुणाच्या घरी काय चाललंय, कुठली गाडी कुठे लागली आहे, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी अण्णाला विचारलं, आता तब्येत कशी आहे. अण्णाच्या तोंडात लाळ साठली होती. बोलायला गेला असता तर ती सदऱ्यावर आली असती. तो गप्प राहिला. काकूंनी पुन्हा विचारलं. तो गप्प, तोंड मिटून, हात जोडून.

काकूंचा चेहरा बदलला. "म्हणजे चातुर्मासाचं मौन धरलंय की काय अण्णांनी?"

वहिनीने मागे वळून अण्णाकडे पाहिलं, दारूवाल्याच्या बायकोला पाहावं तसं काकूंनी तिच्याकडे पाहिलेले ते दोन महिने तिला आठवले असतील, आणि म्हणाली, "हो."

"आणि खाणं?"

"पातळ. पेज, दूध. तेवढंच."

"बाई बाई. आणि लोक काय काय बोलत होते."

काकूंनी वाकून नमस्कार केला. अण्णाने पाय मागे घेतले, पण पाय वेळेवर मागे जात नव्हते.

पुढचं सगळं वहिनीला काही करावं लागलं नाही. काकूंनी केलं. आठवड्याभरात ओट्यावर नारळ यायला लागले. दारूचं नाव पुसलं गेलं, उलट ज्यांनी ते घेतलं होतं त्यांनाच तोंड दाखवायची चोरी झाली. माळवदेअण्णांचे माळवदेबुवा झाले. लोक येऊन बसत, आपापलं सांगत. जो मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, गावभर करत नाही असा माणूस कुठे मिळतो? सांगून झालं की हलके होऊन जात. अण्णा मन लावून ऐकायचा हे खरं होतं. रात्री जेवताना, म्हणजे आम्ही जेवताना आणि तो चमच्याने पेज घेताना, तो मला विचारायचा की त्या सुनेचं पुढे काय झालं.

सगळ्यात लाज कधी वाटली सांगू? स्टँडवरचा एक ड्रायव्हर आला होता. गावभर बोंब त्यानेच केली होती. त्याने अण्णाचे पाय धरले आणि म्हणाला, मी तुमच्यावर नाही तो आळ घेतला, मला माफ करा. अण्णाला रडू फुटलं. या आजारात असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, रडू किंवा हसू आलं की आवरत नाही, मनात तेवढं नसलं तरी. तो रडत राहिला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. आणि रडता रडता तेच हसण्यात गेलं. ड्रायव्हर पायावर डोकं ठेवून, अण्णा हसतोय, लाळ गळतेय, आणि ओट्याखाली उभ्या बायका हात जोडून म्हणताहेत, भाव दाटला.

मी पंचा घेऊन पुढे गेले. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी नजर दिली नाही, हनुवटीच पुसली.

दसऱ्याच्या सुमारास साताऱ्याहून ज्योत्स्नाबाई भोईटे आल्या. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आमचा पत्ता दिला होता. त्यांचे यजमान याच आजाराने गेले होते, आणि तेव्हापासून त्या पदरमोड करून अशा घरांतून जायच्या. उंच, सडपातळ बाई, खांद्याला मोठी पिशवी. त्या नेमक्या आल्या तेव्हा ओट्यावर इंदुकाकू होत्या.

"कुठल्या तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"सातारच्या," वहिनीच मधे म्हणाली. "दर्शनाला आल्यात."

ज्योत्स्नाबाईंनी वहिनीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खुर्चीत बसलेल्या अण्णाकडे पाहिलं, पुढ्यातल्या नारळाकडे आणि हळदीकुंकवाकडे पाहिलं. मग चपला काढून पुढे झाल्या आणि अण्णाच्या पायाशी वाकल्या. वाकल्या त्या जरा जास्तच वेळ. मी जवळ उभी होते म्हणून दिसलं. त्यांनी घोट्यापाशी अंगठा दाबून सूज बघितली, पोटरीवरून हात फिरवला. उठताना हळूच म्हणाल्या, "पाय उंचावर ठेवत चला, माळवदे." आणि अण्णा, कित्येक दिवसांनी, ज्यात आजाराचा काही हात नव्हता असं हसला.

आत आल्यावर वहिनीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ज्योत्स्नाबाई पिठाच्या डब्यावर बसल्या. मौनाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच आम्हाला जड गेलं. त्यांनी आम्हाला शिकवलं. पाणी नुसतं द्यायचं नाही, घट्ट करून द्यायचं, पातळ पाणीच आधी श्वासनळीत जातं. घास गिळताना हनुवटी छातीकडे. ठसका लागला तर पाणी पाजायचं नाही, पाठीवर धपके घालायचे नाहीत. पुढे वाकवायचं, कपाळाला हाताचा आधार द्यायचा, तोंडातलं बाहेर पडू द्यायचं आणि वाट बघायची. "वाट बघणं सगळ्यात अवघड," त्या म्हणाल्या. "आपण घाबरतो आणि काहीतरी करायला जातो."

मग त्यांनी विचारलं, नळीची तारीख घेतलीत का.

"पारणं होऊ दे," वहिनी म्हणाली. "कार्तिकीला मौन सुटतं. मग जाऊ."

"डॉक्टरांनी दिवाळीच्या आत सांगितलंय."

"पोटाला नळी लावून ओट्यावर कसे बसणार हे? लोक विचारतील."

"त्यांना काय वाटतं? माळवद्यांना?"

"त्यांचं बोलणं मला कळत नाही," वहिनी म्हणाली. "वन्संना कळतं."

ज्योत्स्नाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "मलाही कळत नसे," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी तसं सांगायची."

वहिनीने गॅस मोठा केला. चहा उतू गेला.

जाताना ज्योत्स्नाबाईंनी मला ओट्याच्या कडेला घेतलं. म्हणाल्या, वजन उतरतंय, छाती भात्यासारखी हलतेय, फार दिवस नाहीत हातात. तुम्ही बोला. मी हो म्हटलं. मी बोलणार होतेच. पण वहिनीशी बोलायचं म्हणजे तिला कळलंय हे तिला सांगायचं, आणि मग मला कळलंय हे मला कबूल करायचं, आणि हे सगळं अण्णा खाटेवर बसून ऐकणार. दिवाळी आली. मी रव्याचे लाडू केले, त्याला वास दिला. दिवाळी गेली.

पारण्याची तयारी काकूंनी महिनाभर आधीपासून काढली होती. द्वादशीला सकाळी ओट्यापुढे मांडव. भजनी मंडळ. चार महिने सोडलेलं वांगं त्या दिवशी खायचं, म्हणून वांग्याची भाजी आणि भाकरी, आवळा, ऊस, वरणभात. पहिला घास काकू भरवणार. मग बुवा मौन सोडणार, पहिलं नाव देवाचं घेणार. स्टँडवरच्या लोकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, अण्णांचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकायला मिळणार, तो सगळ्यांना गेला पाहिजे. त्यांनी माईक आणला, कर्णा आणला, मांडवाच्या खांबाला बांधला.

आदल्या दिवशी मी वहिनीला म्हटलं, "थंडीताप आला म्हणून सांगू. रद्द करू."

"आणि मग? परवा सांगू, तेरवा सांगू?" ती म्हणाली. "एक घास घेतील. एक नाव घेतील. विठ्ठल म्हणतील. विठ्ठल म्हणताना कुणाचीही जीभ घोळते. झालं मग. मग सांगू की आजारी पडलेत."

तिने ते सगळं बसवून ठेवलं होतं. पारण्यानंतर आजार सुरू होणार होता. नवा, स्वच्छ, दारूचा वास नसलेला.

द्वादशीला सकाळी मी अण्णाची दाढी केली. गाल आत गेले होते, वस्तरा हाडावरून जायचा. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. उजव्याची बोटं तोवर वळेनाशी झाली होती, लिहिणं कधीच गेलं होतं.

तो म्हणाला, "आज नीट सांगायचं."

दुसऱ्या कुणाला ते नुसतं घशातलं गुरगुरणं वाटलं असतं. मला स्वच्छ कळलं. मग त्याने पुन्हा म्हटलं, "आज नीट सांगायचं."

मी म्हटलं, "सदरा पांढरा घालू की पिवळा?"

त्याने मनगट सोडलं.

मांडव भरला होता. कॉलनी होतीच, शिवाय स्टँडवरचे, बाजारातले, कुणाचे पाहुणे. अण्णाला पाटावर बसवता आलं नसतं म्हणून खुर्चीत बसवलं, समोर चौरंगावर ताट. खुर्चीच्या एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी, नवं लुगडं नेसून.

अभंग झाला. काकूंनी भाकरी मोडली, वांग्याच्या रश्शात बुडवली.

"काकू, लहान घास," वहिनी म्हणाली.

"अगं, चार महिन्यांनी जेवतोय माणूस," काकू म्हणाल्या, मायेनेच, आणि घास भरवला.

मी पाहत होते. अण्णाने हनुवटी छातीकडे घेतली. घास तोंडात फिरत नव्हता, जीभ तो मागे लोटत नव्हती. भाकरीचा लगदा तिथेच राहिला आणि रस्सा एकटा पुढे गेला. चुकीच्या वाटेने गेला. अण्णाचे डोळे मोठे झाले. आवाज आधी आलाच नाही, मग एकदम आला, आणि कुणी हौसेने माईक त्याच्या छातीपाशी आणून धरला होता, त्यामुळे तो खोकला, ते घुसमटणं, ती श्वासाची शिट्टी खांबावरच्या कर्ण्यातून सगळ्या गल्लीत गेली.

"पाणी, पाणी," काकू म्हणाल्या. कुणीतरी तांब्या पुढे केला. कुणी पाठीवर मारायला हात उचलला.

वहिनीने तो हात धरला. तांब्या दूर सारला. मी अण्णाला पुढे वाकवलं, वहिनीने त्याच्या कपाळाखाली तळवा लावला, आणि आम्ही वाट बघितली. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या होत्या ते खरं, ते सगळ्यात अवघड होतं. मांडवात कुणी हलत नव्हतं. त्याची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती, आणि मी मनात म्हणत होते, आत्ता नको, या सगळ्यांसमोर नको, जसं काही समोर कुणी नसतं तर चाललं असतं.

मग ते पडलं. वांगं, भाकरी, लाळ, सगळं पांढऱ्या सदऱ्यावर आणि वहिनीच्या नव्या लुगड्यावर. श्वास परत आला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

वहिनीने पंचा काढला. तिने तो कमरेला खोचूनच आणला होता. त्याचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, गळा पुसला. लोक बघत होते. इतके दिवस ज्याला ते पाया पडत होते त्याची हनुवटी पुसली जाताना ते बघत होते आणि कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

"दृष्ट लागली," काकू वहिनीला म्हणाल्या. "इतक्या दिवसांचा उपास. आतडी आखडतात. होतं असं. शालन, तू मीठमोहरी आण. बुवा दमलेत, पारणं झालं, झालं म्हणायचं."

काकूंनी पुन्हा एकदा वाट करून दिली होती. आषाढीला दिली होती तशीच, नकळत, चांगल्या मनाने. फक्त हो म्हणायचं होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिचे ओठ हो म्हणायला हललेले मला दिसले.

तेवढ्यात अण्णाने माईक धरला.

डाव्या हाताने धरला. तो उचलता येईना म्हणून स्वतःच त्याच्यावर झुकला. इतकी वर्षं ज्या अंतरावर तोंड धरून तो बोलला होता त्याच अंतरावर धरलं. स्टँडवरचे दोघं पुढे सरकले.

अण्णा बोलला. कर्ण्यातून आवाज गेला, मोठा, ओला, घोळलेला, शब्द एकात एक विरघळलेले. मागे कुणाचं तरी पोर भ्यालं आणि रडायला लागलं. अण्णा थांबला. श्वास घेतला. आणि रीतीप्रमाणे पुन्हा तेच बोलला, तसंच, शब्दाला शब्द.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पुण्याहून आलो त्या दिवशी खाटेवर बसून तो हेच बोलला होता. श्रावणात बोलला होता, तेव्हा मी वहिनीला सांगितलं होतं की चहा नको म्हणतोय. नवरात्रात बोलला होता, तेव्हा सांगितलं होतं की खिडकी लावा. ती प्रत्येक वेळी उठून खिडकी लावायची.

"काय म्हणाले?" काकूंनी मला विचारलं. "बेबीताई, तुम्हाला कळतं ना? विठ्ठल म्हणाले का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अण्णाही. मी तोंड उघडलं. मांडवात पंखा नव्हता, खिडकी नव्हती, लावायला काहीही नव्हतं. विठ्ठल एवढं म्हटलं की सुटले असते. ते ओठांवर आलंही. अण्णाने माझ्यावरची नजर काढली नाही, आणि मला ना ते म्हणता येईना, ना हे.

तेव्हा वहिनी वाकली. अण्णाच्या हातावर हात ठेवून तिने माईक आपल्याकडे वळवला. तिला त्याची सवय नव्हती, तोंड फार जवळ नेलं, पहिला शब्द फुटला आणि कर्णा किंचाळला. ती थांबली. मग थोडी मागे झाली, त्याच्यासारखी.

"मला कळतं," ती म्हणाली. "पहिल्यापासून कळतं."

पंचा तिच्या मुठीत होता. ती कुणाकडे बघत नव्हती, फक्त त्याच्याकडे. चारचौघांत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, स्टँडवरून निरोप दिला तरी "घरी सांगा" एवढंच म्हणायचा. आणि ती त्याचे शब्द सांगत होती म्हणून, गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात, तिला आपलं नाव आपल्याच तोंडाने घ्यावं लागलं.

"ते म्हणतात, हे मौन नाही, आजार आहे. म्हणतात, मी यातून बरा होणार नाही. शालन, मी बरा होणार नाही, आता तरी ऐक."